तान्ह्या बाळाला घेऊन स्कीइंगची सुट्टी कशी जमवायची

पहिलीच गोष्ट सांगून टाकते, बाळ सोबत असताना पूर्वी जेवढं स्कीइंग व्हायचं त्याच्या निम्मं झालं तरी खूप झालं म्हणायचं. हे निघायच्या आधी घरीच दोघांनी समोरासमोर बसून मान्य करून टाका, म्हणजे तिथे चौथ्या दिवशी बर्फात उभं राहून भांडण होत नाही (आमचं झालं म्हणून सांगतेय). आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा पिल्लू ७ महिन्यांचं होतं आणि दुसऱ्यांदा दीड वर्षाचं, आणि दोन ट्रिपांमध्ये जो जमीन अस्मानाचा फरक पडला तो सामानामुळे नाही की कपड्यांमुळे नाही, तर जागा ठरवताना दुसऱ्या वेळी आम्ही दोन आकडे बघितले त्यामुळे. एक म्हणजे रात्री झोपणार ती जागा समुद्रसपाटीपासून किती मीटरवर आहे, आणि दुसरा म्हणजे खोलीच्या दारापासून स्की लिफ्टपर्यंत, म्हणजे डोंगरावर वर नेणाऱ्या लिफ्टपर्यंत, किती चालायचंय. हे दोन जमले की बाकीचं निस्तरता येतं.

उंचीचं आधी. रिसॉर्ट बघताना सगळे शिखर किती उंच ते बघतात, कारण वर बर्फ चांगला, पण बाळ काही शिखरावर झोपणार नाहीये, ते झोपणार खाली गावात, त्यामुळे गावाची उंची बघायची. आणि गावागावात केवढा फरक असतो बघा, स्वित्झर्लंडमधलं वेंगेन १३०० मीटरच्या जरा खाली, झरमॅट १६०० च्या थोडं वर, फ्रान्समधलं वाल थोरांस २३००, गुलमर्ग साधारण २६५० आणि अमेरिकेतलं ब्रेकनरिज तर २९०० च्या पुढे. विरळ हवेचा त्रास, म्हणजे अल्टिट्यूड सिकनेस, बहुतेक करून २५०० मीटरच्या वर झोपल्यावर दिसतो, तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने साधारण चौथाईने कमी झालेला असतो आणि दर श्वासाला मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच कमी. मोठ्या माणसाचं डोकं दुखलं तर तो सांगेल तरी, बाळ काय सांगणार? ते किरकिर करणार, दूध नको म्हणणार, उलटी काढणार, रात्रभर झोपणार नाही. आणि गंमत अशी की हे सगळं दात येताना पण होतं, प्रवासाच्या दगदगीने पण होतं, त्यामुळे आपण म्हणतो जाऊदे, उद्या होईल बरं. तर तसं म्हणायचं नाही. वर पोचल्यावर पहिल्या एक दोन दिवसांत असं काही सुरू झालं तर दुसरं कारण सापडेपर्यंत ते उंचीमुळेच आहे असं धरून चालायचं, आणखी वर न्यायचं नाही, आणि वाढतंय असं दिसलं की सरळ गाडी काढून खाली उतरायचं. खाली उतरणं हेच यावरचं औषध. बाळ भराभरा श्वास घेतंय, ओठ निळसर दिसतायत किंवा हलवूनसुद्धा नीट जागं होत नाहीये असं काही असेल तर मग इंटरनेटवर शोधत बसायचं नाही, ताबडतोब मदत बोलवायची.

पहिल्या ट्रिपला आम्ही २३०० च्या वर राहिलो होतो, तिथे पोचल्यावर पहिल्या दोन रात्री कोणीच झोपलं नाही. आजार असा काही नव्हता पण बाळ दर चाळीस मिनिटांनी उठत होतं. दुसऱ्या वेळी १५०० च्या खालचं गाव घेतलं, तिथून गोंडोलाने, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या बंद डब्यातून, वर जायचं, आणि पहिल्या रात्रीपासून झोप. त्यामुळे माझं मत अगदी ठाम आहे, एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर १८०० च्या आसपास किंवा त्याच्या खाली झोपा, बर्फ थोडा कमी चांगला मिळेल, मिळू दे. उंचावरच जायचं असेल तर मध्ये एखादी रात्र खालच्या गावात काढा. आणि बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसांचा काही त्रास असेल, जन्मानंतर ऑक्सिजनवर ठेवावं लागलं असेल, किंवा नुकताच छातीत कफ होऊन गेला असेल तर बुकिंगच्या आधी बाळाच्या डॉक्टरांना विचारायचं, बुकिंग झाल्यावर विचारून काही उपयोग नसतो कारण तेव्हा आपल्याला हो हेच उत्तर ऐकायचं असतं.

आता अंतर. स्की बूट घालून कधी तीनशे मीटर चालला असाल तर माहीत असेलच, आता त्यात एका खांद्यावर स्की, दुसऱ्या हातात प्रॅम आणि प्रॅमची चाकं बर्फात रुतलेली असं चित्र डोळ्यासमोर आणा. पाचशे मीटर नकाशावर काहीच वाटत नाही. आमच्या पहिल्या हॉटेलच्या जाहिरातीत "लिफ्टपासून पाच मिनिटं" लिहिलं होतं, ती पाच मिनिटं उतरताना, येताना चढ आणि वर बावीस पायऱ्या. जवळ राहण्याचा खरा फायदा असा की बाळ झोपलंय तेवढ्यात एकजण तासभर स्की करून येऊ शकतो, दूध पाजायची वेळ झाली की दहा मिनिटांत खोलीत पोचता येतं. लांब राहिलात तर एकदा बाहेर पडलं की दिवसभर बाहेर, आणि ते बाळासोबत शक्य नाही. झरमॅट, वेंगेन, फ्रान्समधलं आवोरियाझ अशी काही गावं खासगी गाड्यांना बंद आहेत, बाळाला घेऊन फिरायला फार छान, पण तिथे सामान दारापर्यंत कसं पोचतं ते आधी नीट विचारून घ्या.

बुकिंगच्या आधी एक मेल टाका आणि हे विचारा: इमारतीत लिफ्ट आहे का, खोली कितव्या मजल्यावर, बाळाचा पलंग मिळेल का आणि त्याची गादी घट्ट बसते का, किटली आणि फ्रीज आहे का, अंधार होईल असे पडदे आहेत का, कपडे धुवायचं मशीन आहे का, आणि स्की ठेवायची खोली वेगळी आहे का. शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल पण ओले बूट आणि बाळाचं रांगणं एकाच खोलीत नको. जेवण करून देणारं शॅले, म्हणजे डोंगरातलं लाकडी घर, घेतलंत तर जेवणाची वेळ पण विचारा, रात्री साडेआठला जेवण म्हणजे बाळवाल्यांना उपासच.

कितव्या महिन्यात न्यावं, हे सगळेच विचारतात. तीन महिन्यांच्या आत मी नेणार नाही, फार लहान असतात, अंगाचं तापमान सांभाळता येत नाही, आणि एवढ्या लहान बाळाला ३८ डिग्री ताप आला तरी लगेच डॉक्टरकडे पळावं लागतं, ते डोंगरात बर्फ पडत असताना करायची हौस कोणाला असेल. सहा ते दहा महिने हा सगळ्यात सोपा काळ वाटला, बसतं, हसतं, जिथे ठेवाल तिथे बऱ्यापैकी राहतं. दीड वर्षाचं झालं की त्याला बर्फ खायचा असतो, हातमोजे फेकायचे असतात आणि पायऱ्यांवरून उतरायचं असतं, मजा जास्त येते पण दमायला होतं. स्की शिकवायचं वय साधारण तीनच्या पुढे, त्याच्या आधी पायात स्की घालून फोटो काढा नि सोडून द्या.

पाळणाघर. मोठ्या रिसॉर्टमध्ये असतात पण कमीत कमी वय प्रत्येक ठिकाणी वेगळं, कुठे ३ महिने, कुठे ६, कुठे चक्क १८, त्यामुळे रिसॉर्टला पाळणाघर आहे एवढ्यावर खूश होऊ नका, आपल्या बाळाच्या वयाला जागा आहे का ते बघा. अगदी लहान बाळांच्या जागा मोजक्याच असतात कारण एका बाईंना दोन तीनच बाळं सांभाळता येतात, आणि शाळांच्या सुट्टीचे आठवडे तर कित्येक महिने आधी भरून जातात. म्हणून क्रम उलटा करा, आधी पाळणाघराची जागा पक्की करायची, मग राहायची, मग तिकिटं. लसीकरणाचं कार्ड सोबत न्या, फ्रान्समध्ये तर २०१८ पासून जन्मलेल्या मुलांना पाळणाघरात घेताना ठरावीक लसी झाल्यात का बघतात. आणि पहिल्याच दिवशी सकाळी नऊ ते पाच ठेवून जाऊ नका हो, नवीन जागा, नवीन माणसं, नवीन भाषा, वर उंची. पहिल्या दिवशी तासभर, दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस, असं करत गेलं की बाळ पण रुळतं आणि आपल्यालाही लिफ्टमध्ये बसून रडू येत नाही.

पाळणाघर नसेल तर पाळी लावायची. आमची पद्धत: एकजण सकाळी लिफ्ट उघडल्यापासून साडेअकरापर्यंत, मग सगळे एकत्र जेवायला, मग दुसरा दुपारी. रोज अदलाबदल, कारण सकाळचा बर्फ चांगला असतो आणि एकालाच सकाळ मिळाली की तिसऱ्या दिवशी टोमणे सुरू होतात. काही रिसॉर्ट दोन पालकांनी वाटून वापरायचा लिफ्टचा एकच पास देतात, वेबसाइटवर कुठेतरी खाली दडलेला असतो, खिडकीवर विचारा. तसं नसेल तर दोघांनी अर्ध्या दिवसाचे पास किंवा एक दिवसाआडचे पास असं काहीतरी गणित करून बघा, सहा दिवसांचे पूर्ण पास दोघांनाही घेणं म्हणजे पैसे बर्फात पुरणं आहे. दुसऱ्या वेळी सासूबाई सोबत आल्या होत्या, त्या स्की करत नाहीत, त्यांना खिडकीतून बर्फ बघत नातवाला घेऊन बसायला आवडलं, पण तिथेही एक सांगते, आजी म्हणजे फुकटची आया नाही. त्यांच्यासाठी दोन पूर्ण दिवस मोकळे ठेवले होते, गोंडोलाने वर जाऊन आल्या, खूश होत्या.

आता कपडे, यात लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. बाळाचं अंग लहान पण त्या मानाने कातडीचा पसारा जास्त, डोकं मोठं, आणि अगदी लहान बाळांना आपल्यासारखं कुडकुडून ऊब आणता येत नाही, त्यामुळे ते आपल्यापेक्षा पुष्कळ लवकर गार पडतं. शिवाय आपण चालतोय, स्की ओढतोय, आपल्याला घाम येतोय आणि बाळ मात्र प्रॅममध्ये हालचाल न करता पडलंय, म्हणून स्वतःला काय वाटतंय यावरून बाळाचं ठरवायचं नाही. साधा हिशोब म्हणजे तुम्ही जेवढे थर घातलेत त्याच्यापेक्षा एक जास्त. सगळ्यात आत अंगाला चिकटून मेरिनो लोकरीचं पातळ बनियन आणि लेगिंग, सुती नको कारण सुती कापड घामाने नाहीतर लाळेने ओलं झालं की ओलंच राहतं आणि गारठा धरतं, त्यावर फ्लीस, त्यावर वारा नि पाणी अडवणारा एकसंध सूट ज्यात हातपायाची टोकं दुमडून झाकता येतात. हातमोजे अंगठा नसलेले, आणि दोरीने बाहीतून ओवलेले, नाहीतर पहिल्या तासात एक हरवतो आणि दुसरा उगाच बॅगेत फिरतो. गळ्यात मफलर नको, गुंडाळला जातो, नळीसारखा गळपट्टा किंवा मान झाकणारी कानटोपी घ्या.

गार आहे का गरम हे हात लावून बघायचं ते मानेमागे किंवा छातीवर, हातापायांना नाही, हातपाय गार असणं तसं नेहमीचंच. मान कोमट आणि कोरडी म्हणजे बरोबर, घामट म्हणजे एक थर काढा, गार म्हणजे ताबडतोब आत. बाळ रडत नाहीये म्हणजे त्याला थंडी वाजत नाहीये असं अजिबात समजू नका, फार गारठलेलं बाळ उलट शांत होतं, पेंगतं, दूध ओढत नाही, गाल लालबुंद आणि अंग गार, आणि आपल्याला वाटतं किती छान झोपलंय. दर पंधरा वीस मिनिटांनी हात घालून बघायचंच, फोनवर अलार्म लावा. थर्मामीटरचा आकडा बघताना वारा पण धरा, उणे पाच आणि वारा म्हणजे उणे पाच नाहीये. उणे दहाच्या खाली मी पिल्लूला इमारतीतून गोंडोलापर्यंत सोडून कुठे नेलं नाही. आणि आत आलं की पहिलं काम कपडे उतरवायचे, कॅफेमध्ये बाळ सूटमध्येच झोपलंय म्हणून तसंच ठेवणं, हे बाहेर गारठण्याइतकंच वाईट.

कॅरियरबद्दल जरा लांबून सांगते कारण हे फार जणांना माहीत नसतं. पाठीवरच्या किंवा पोटावरच्या कॅरियरमध्ये बाळाचे पाय खाली लोंबकळत असतात, मांडीपाशी पट्टा दाबला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि बाळ पाय हलवतही नाही. कडक थंडीत याच्यामुळे बाळांच्या पायांना हिमदंश होऊ शकतो, आणि पाठीवर असेल तर आपल्याला तो दिसत पण नाही. म्हणून गारठ्यात लांब फिरायला कॅरियर नको. अगदी थोडं अंतर, पोटावर, तुमच्या जॅकेटच्या आत, तोंड नाक मोकळं, इतपत ठीक. लांब फिरायचं असेल तर प्रॅममध्ये उबदार झोळीसारखी पिशवी, खाली मेंढीचं कातडं नाहीतर जाड ब्लँकेट, कारण थंडी वरून नाही, खालून लागते. प्रॅमला मोठी चाकं हवीत, छोट्या चाकांची घडीची बाबागाडी बर्फात नांगरासारखी चालते. काही ठिकाणी स्लेज भाड्याने मिळते, मागे टेकू असलेली बघून घ्या, सपाट रस्त्यावर ओढायला झकास. प्रॅमच्या तोंडावर ब्लँकेट टाकून झाकू नका, आत हवा कोंडते, आणि प्लास्टिकचं कव्हर लावून उन्हात उभी केली तर आत भट्टी होते.

आणि बाळाला पाठीवर बांधून स्की करायचं नाही. कितीही चांगलं येत असलं तरी. तुम्ही पडणार नाही हो, पण मागून येणारा पडेल ना तुमच्यावर. तसे फोटो दिसतात, लोक करतात, बऱ्याच रिसॉर्टमध्ये अडवतात पण. चेअरलिफ्टवर, म्हणजे तारेला लटकलेल्या उघड्या बाकावर, मांडीवर बाळ घेऊन बसणं तेही नकोच, बंद गोंडोला असेल तर ठीक, प्रॅम आत जाते का ते खाली विचारून घ्या, आणि वर जाताना पाजत राहा किंवा चोखणी द्या, गिळलं की कान मोकळे होतात. सर्दी झालेली असेल तर त्या दिवशी वर नेऊच नका, कान ठणकतात आणि मग रात्र गेली.

ऊन. थंडी आहे म्हणून उन्हाकडे लक्ष जात नाही पण दर १००० मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो, म्हणजे प्रॅमचं छत वर ओढलं तरी खालून येतंच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीनवर भरवसा ठेवायचा नाही, सावली आणि कपडे हाच उपाय, सहा महिन्यांच्या पुढे झिंक ऑक्साइड असलेलं एसपीएफ ३० किंवा जास्तीचं, गाल, नाक आणि हनुवटीच्या खाली सुद्धा, हनुवटी सगळे विसरतात. चष्मा खेळण्यातला नको, पूर्ण अतिनील किरणं अडवणारा आणि मागे इलॅस्टिकचा पट्टा असलेला. पिल्लूने पहिल्या दिवशी चौदा वेळा काढून फेकला. घरी असताना रोज पाच मिनिटं घालायची सवय लावली असती तर बरं झालं असतं, दुसऱ्या वेळी तेच केलं.

खोलीतलं वातावरण. हीटर फुल लावलेला असतो आणि हवा इतकी कोरडी की सकाळी बाळाचं नाक बंद, ओठ फुटलेले. रेडिएटरजवळ ओला टॉवेल वाळत टाका, नाकात सलाइनचे थेंब घाला, आणि हीटर कमी करा, बाळाला झोपायला १६ ते २० डिग्री पुरतं. बाहेर एवढी थंडी आहे म्हणून रात्री दोन दुलया आणि कानटोपी घालून झोपवू नका, लहान बाळांना झोपेत जास्त गरम होणं धोक्याचं असतं, पाठीवर झोपवायचं, सुटी पांघरुणं नकोत, बाळाची झोपायची पिशवी घरूनच न्या आणि टोपी काढा. शेकोटी किंवा लाकडाची भट्टी असलेलं शॅले असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा छोटासा अलार्म बॅगेत टाका, त्या वायूला वास नसतो. गाडीचं पण तेच, रात्रभर बर्फ पडलाय तर इंजिन सुरू करायच्या आधी मागची धुराची नळी मोकळी करा, बाळाला गरम गाडीत बसवून ठेवून मग बर्फ उकरत बसणं हे चुकूनही करू नका.

दूध. अंगावर पाजत असाल तर निम्मं सामान वाचलं, फक्त स्वतः पाणी प्या, कोरड्या हवेत तहान कळत नाही. पावडरचं दूध असेल तर ब्रँड घरचाच न्या, पूर्ण आठवड्याचा, तिथे वेगळा निघाला आणि पोट बिघडलं तर काय करणार. पावडर कालवायला पाणी ७० डिग्रीच्या वर हवं, डोंगरात पाणी कमी तापमानाला उकळतं, २००० मीटरवर साधारण ९३ डिग्रीला, म्हणजे त्याला पुरेसंच आहे, फक्त पिण्याच्या पाण्याची खात्री नसेल तर एवढ्या उंचीवर ते एक नाही तर तीन मिनिटं खळखळ उकळू द्या. बाहेर जाताना थर्मासमध्ये गरम पाणी आणि डब्यात मोजलेली पावडर वेगळी, तयार केलेलं दूध दोन तासांच्या वर ठेवायचं नाही. पंप केलेलं दूध बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यात २४ तास राहतं. काही लोक खिडकीबाहेर बर्फात बाटली पुरून ठेवतात, मी पण पुरली होती, दुपारी ऊन आलं नि बर्फ वितळून बाटली खालच्या बाल्कनीत. फ्रीज वापरा. बाहेर जाताना ओले वाइप्स तुमच्या आतल्या खिशात ठेवा, गोठलेल्या वाइपने बाळाला पुसलंत तर आख्ख्या हॉटेलला कळतं.

आईचं शरीर, यावर कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. बाळंतपणानंतर पोटाचे आणि ओटीपोटाखालचे स्नायू सैल असतात, धावण्यासारखे दणके बसणारे व्यायाम निदान तीन महिने तरी नको म्हणतात, सिझेरियन असेल तर आणखी सबुरीने, आणि स्कीइंग तर गुडघ्यांपासून पोटापर्यंत सगळ्याची परीक्षा. शिंकताना लघवी निसटत असेल तर अजून वेळ आलेली नाही, आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. पाजणाऱ्या आईने तीन तासांच्या वर बाहेर राहू नये असं मला वाटतं, छाती दगडासारखी होते, त्यावर घट्ट स्पोर्ट्स ब्रा आणि बॅगेचे पट्टे, मग गाठी आणि ताप, मला पहिल्या ट्रिपला हे झालंच. हातपंप जॅकेटच्या खिशात मावतो. पहिल्या दिवशी सोपा उतार घ्या, पाय विसरलेले असतात, झोप अर्धवट झालेली असते, आणि बाळाला उचलायला दोन्ही हात धड लागतात.

औषधांची पिशवी छोटीच: थर्मामीटर, डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेलं पॅरासिटामॉल, सलाइन, जुलाबासाठी पाण्यात घालायची पावडर, ओठांचं मलम. उंचीची मोठ्यांची गोळी बाळाला स्वतःच्या मनाने द्यायची नाही. विमा काढताना त्यात बाळाचं नाव आहे का, हिवाळी खेळ आणि डोंगरातली सुटका धरलीये का ते बघा. गावात डॉक्टर कुठे बसतात, जवळचं मोठं हॉस्पिटल किती लांब, घाट बर्फाने बंद झाला तर काय, हे पोचल्या दिवशीच रिसेप्शनवर विचारून ठेवा, रात्री दोनला विचारायला लागू नये.

राहता राहिला प्रवास. गाडीच्या सीटमध्ये बाळाला फुगीर जॅकेट घालून पट्टा लावायचा नाही, जॅकेट धक्क्याने दबतं आणि पट्टा सैल पडतो, पातळ कपड्यांत बसवा, पट्टा चिमटीत धरता येणार नाही इतका घट्ट करा, आणि वरून ब्लँकेट घाला. दर दोन तासांनी थांबून सीटमधून बाहेर काढा. घाटात उलट्या होतात म्हणून एक कपड्यांचा जोड पायाशीच ठेवा, डिकीत नाही, आणि एक तुमच्यासाठी पण. बर्फात घसरू नये म्हणूनच्या साखळ्या चाकांना कशा लावायच्या ते घरी अंगणात एकदा करून बघा, रस्त्याच्या कडेला बर्फात बाळ रडत असताना पहिल्यांदा पुस्तिका उघडणं फार वाईट.

वर चढताना बिस्किटांचा पुडा फुग्यासारखा टम्म फुगतो आणि बाळाची बाटली उघडली की दूध चिळकांडी उडून तोंडावर येतं, त्यामुळे झाकण हळूच सैल करून दाब सोडून मग पाजायचं. उतरताना बरोबर उलट. परत निघालो तेव्हा पिल्लू गाढ झोपलेलं, आम्ही म्हटलं झोपू दे बिचाऱ्याला, आणि अर्ध्या घाटात ते किंचाळत उठलं. तेव्हा माझ्या पायाशी पडलेली पाण्याची रिकामी बाटली बघितली तर ती आपोआप चेपून आत गेली होती. बाळाच्या कानाच्या पडद्याला त्या वेळी तसंच होत असतं. आता आम्ही एक रिकामी बाटली झाकण घट्ट लावून मुद्दाम समोर ठेवतो, ती चेपायला लागली की बाळाला उठवून पाजायला घेते.